पंचेचाळीस दिवस

आमच्या पांढरपेशा घरांतून पहिल्यांदा नापास होणें हा अपघात समजला जातो, दुसऱ्यांदा नापास होणें हा आळस समजला जातो, आणि तिसऱ्यांदा कोणी नापास झालें म्हणजे घरांतील मंडळी त्या माणसाशीं एकाएकीं फार गोड बोलूं लागतात. ह्या गोडव्याइतकें जीवघेणें दुसरें कांहीं नसावें. रागावणाराला निदान आशा तरी असते. गोड बोलणारानें ती सोडून दिलेली असते.

गेलीं तीस वर्षें मी एका महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहे. एवढ्या काळांत तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे एकावर एक रचले तर ते आमच्या माळ्याला सहज टेंकतील. तेव्हां नापास होणें म्हणजे काय, ह्याचा मला परिचय आहे असें म्हणावयास हरकत नाहीं. परंतु न्यायाधीशाला तुरुंगाचा परिचय असतो त्या जातीचा तो आहे. त्या तुरुंगाची आंतली बाजू मला दाखविली माझ्या भाचीनें, आणि तीहि आपल्या विद्यापीठांशीं कसलाच संबंध नसलेल्या एका परीक्षेच्या निमित्तानें.

ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. वाढली सांगलीस. बारावीनंतर नर्सिंगला जावयाचें तिनें ठरविलें तेव्हां आप्तेष्टांत थोडी कुजबुज झालीच. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानें पुण्यांतील स्त्रियांना ह्या शिक्षणाची वाट दाखविली त्यास आतां शंभर वर्षें होऊन गेलीं. तरीहि 'मुलगी डॉक्टर होणार' हें वाक्य आमच्या घरांतून मोठ्यानें उच्चारलें जातें आणि 'मुलगी नर्स होणार' हें वाक्य थोडेंसें खालच्या पट्टींत. भाचीनें ती पट्टी मनावर घेतली नाहीं. बी. एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा अभ्यासक्रम तिनें पहिल्या वर्गांत पुरा केला, महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहींत नांव चढविलें, आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागांत पांच वर्षें काम केलें. रात्रपाळीला चाळीस खाटा आणि दोन सिस्टर, असा तिथला हिशेब. तिचा हात हलका आहे असें रोगी म्हणत. शीर सांपडत नाहीं अशा एकाद्या म्हाताऱ्याला सलाइन लावावयाचें असलें कीं बरोबरच्या मुली तिलाच हांक मारीत. पुढें लग्न झालें, आणि नवऱ्यामागोमाग ती अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांत गेली.

तेथें गेल्यावर तिला कळलें कीं आपण नर्स नाहीं.

पदवी, नोंदणी, अनुभवाचे दाखले, इंग्रजी येतें ह्याचें प्रमाणपत्र, सारे कागद तपासून आणि पडताळून झाल्यावर देखील एक दार शिल्लक राहतें. त्या दाराचें नांव एन्क्लेक्स. तें केवळ परक्यांसाठीं बसविलेलें आहे असें मात्र नव्हे. तेथेंच जन्मलेल्या आणि तेथेंच शिकलेल्या मुलीलाहि त्याच दारानें आंत यावें लागतें. परिचारिकांच्या नोंदणीचा त्या देशांतील पहिला कायदा नॉर्थ कॅरोलिना राज्यानें १९०३ सालीं केला. मग इतर राज्यांनीं केले, आणि प्रत्येकाची परीक्षा निराळी झाली. १९४४ पासून प्रश्नांचा सामाईक सांठा वापरण्यांत येऊं लागला, १९८२ सालीं परीक्षेला हल्लींचें नांव मिळालें, आणि १९९४ सालीं कागद-पेन्सिलीच्या जागीं संगणक आला. मधल्या काळांत बाहेरदेशांहून आलेल्या परिचारिका इतक्या मोठ्या संख्येनें नापास होऊं लागल्या होत्या कीं त्यांची पारख आधींच करण्यासाठीं १९७७ सालीं एक स्वतंत्र संस्था काढावी लागली. भाचीचें दुःख एकटीचें नाहीं, एवढा दिलासा मला ह्या इतिहासानें दिला. तिला तोहि मिळाला नाहीं. आपल्या आधीं पुष्कळ बुडाले आहेत हें ऐकून बुडणाराला श्वास घेतां येत नाहीं.

ह्या परीक्षेची रीति मोठी विलक्षण आहे, आणि ती ध्यानांत घेतल्यावांचून तींत नापास होण्याची जात कळावयाची नाहीं. आपली प्रश्नपत्रिका म्हणजे पंगतींतलें ताट. सर्वांना सारखेंच वाढलेलें. ज्यानें त्यानें आवडेल तें आधीं खावें आणि कारल्याची भाजी शेवटास ठेवावी. एन्क्लेक्स ही वाण्याची तागडी आहे. एका पारड्यांत उमेदवार, दुसऱ्यांत वजनें. उत्तर बरोबर आलें कीं यंत्र पुढचा प्रश्न अधिक जड घालतें, चुकलें कीं थोडा हलका. आणि कांटा कोणत्या बाजूस झुकतो आहे ह्याची ९५ टक्के खात्री झाली कीं माप थांबतें. कमींत कमी ८५ प्रश्न, जास्तींत जास्त १५०, वेळ पांच तास. जो प्रश्न ह्या माणसाला येण्याचा आणि न येण्याचा संभव सारखा, नेमका तसला प्रश्न यंत्र शोधीत असल्यामुळें हुशारांतल्या हुशार मुलीलाहि आपलीं निम्मीं उत्तरें चुकत आहेत असें वाटत राहतें. सुलभ प्रश्नाचा आनंदसुद्धां घेतां येत नाहीं. सोपा आला म्हणजे मागचा चुकला काय, ही धास्ती. प्रश्न सोडून पुढें जातां येत नाहीं आणि मागें वळून पाहतां येत नाहीं. 'येतील ते आधीं लिहा, अडेल त्याकडे मागाहून पाहा' हा आमच्या पिढ्यान्पिढ्यांचा परीक्षामंत्र तेथें फुकट जातो. आणि पडदा कोरा होतो तो कांहीं न बोलतां. ८५ व्या प्रश्नावर तो कोरा झाला तर तुम्ही फार चांगले असाल, किंवा फार वाईट.

तळहाताच्या शिरांचा ठसा देऊन आणि खिसे उलटे करून दाखवून भाची त्या खोलींत पहिल्यांदा बसली ती २०२३ च्या हिंवाळ्याच्या सुरुवातीस. यंत्रानें तिला १५० प्रश्नांपर्यंत नेलें. म्हणजे कांटा अखेरपर्यंत डळमळत होता. नापास. दुसऱ्या खेपेस तिनें दुप्पट अभ्यास केला. मोठमोठे ग्रंथ, सरावाचे हजारों प्रश्न, औषधांच्या याद्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर. यंत्र ११२ व्या प्रश्नाला थांबलें. नापास. तिसऱ्या खेपेस अभ्यास आणखी वाढला, झोंप उडाली, वजन उतरलें, आणि पडदा ८५ व्या प्रश्नाला कोरा झाला. नापास.

हे आंकडे मीं मुद्दाम देत आहे. १५०, ११२, ८५. जसजसें ज्ञान वाढत गेलें तसतसा कांटा अधिकाधिक निश्चितपणें खालीं गेला. परीक्षक म्हणून मला असें उदाहरण आठवेना. मंद विद्यार्थी अभ्यासानें थोडा वर येतो, आळशी तर पुष्कळच येतो. पण अभ्यास करून खालीं जाणारा विद्यार्थी हें काय गौडबंगाल आहे?

नापास झालेल्याला ते लोक गुण कळवीत नाहींत. एक कागद पाठवितात, त्यांत विषयवार तीनच शेरे असतात : रेषेच्या वर, रेषेच्या जवळ, रेषेच्या खालीं. तिन्ही वेळच्या कागदांवर रोग्याची नित्याची शुश्रूषा आणि आराम ह्या विषयांत ती रेषेच्या वर होती. शुश्रूषेची व्यवस्था, म्हणजे कोणाकडे आधीं जावें, कोणतें काम स्वतः करावें, कोणतें दुसऱ्यावर सोंपवावें, ह्यांत तिन्ही वेळां खालीं.

नापास झाल्यापासून ४५ दिवस लोटल्यावांचून पुन्हां बसतां येत नाहीं असा नियम आहे. फ्लॉरिडा राज्यांत तर तीनदां नापास झालेल्याला आधीं उजळणीचा वर्ग पुरा करावा लागतो. ४५ दिवस ही मुदत कोणीं कशी ठरविली असेल ती असो, माणसाचा कणा मोडावयास ती पुरेशी आहे. आपल्याकडे सुतकसुद्धां दहा दिवसांत फिटतें. ह्या मुदतींत अभ्यास करावा तर कोणता करावा कळत नाहीं, न करावा तर अपराधी वाटतें. शिवाय दोनशें डॉलरांची फी पुन्हां भरावयाची, ती नवऱ्याच्या पगारांतून.

ह्या ४५ दिवसांत घर कसें वागतें तें पाहण्यासारखें असतें. माझ्या बहिणीनें सांगलीच्या गणपतीला नवस बोलून ठेविला आणि तो फळला नाहीं म्हणून पुढच्या खेपेस वाढविला. जांवईबापू हिशेबी गृहस्थ; त्यांनीं दिवसांचे रकाने पाडून अभ्यासाचें कोष्टक केलें. तिच्या सासूबाई खरोखर मायाळू. तिसऱ्या निकालानंतर तिच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "नाहीं तर नाहीं ग. तुला काय कमी आहे?" तो हात पाठीवर होता तोंवर ती स्तब्ध बसली, आणि मग न्हाणीघरांत जाऊन नळ सोडून रडली. हें तिनेंच मला पुढें सांगितलें. म्हणाली, "मामा, त्यांनीं शिव्या दिल्या असत्या तर मी दुसऱ्या दिवशीं पुस्तक उघडलें असतें."

निकालापूर्वींच्या दोन दिवसांत परीक्षार्थी जें करतात त्याची एक हकीकत येथें सांगण्याचा मोह आवरत नाहीं. परीक्षा देऊन आल्याबरोबर पुन्हां त्याच परीक्षेसाठीं पैसे भरून पाहावयाचे. कचेरीच्या यंत्रानें पैसे घेण्याचें नाकारलें तर उत्तीर्ण, मुकाट्यानें घेतले तर नापास, असा एक तोडगा तिकडच्या परिचारिकांत वर्षानुवर्षें चालत आला. परीक्षामंडळानें त्यावर विश्वास ठेवूं नका असें सांगितलें तरी तो थांबला नाहीं. कोंकणांत देवाला कौल लावतात, पाकळी उजवीकडून पडली तर होकार. त्याच जातीचें हें. विज्ञानाच्या माहेरघरीं, ९५ टक्क्यांचें गणित करणाऱ्या यंत्राच्या दारांत बसून सुशिक्षित बायका कौल लावतात हें ऐकून मला हसूं आलें नाहीं. जेथें गुण सांगत नाहींत, कारण सांगत नाहींत, तेथें माणूस पाकळीकडे पाहणारच.

आंकड्यांनींहि तिला धीर येईना. तेथेंच शिकलेल्या आणि पहिल्यांदा बसणाऱ्या उमेदवारांपैकीं २०२२ सालीं शेंकडा सुमारें ८० उत्तीर्ण झाले होते, २०२३ सालीं सुमारें ८९. बाहेरून आलेल्या आणि पुनःपुन्हां बसणाऱ्यांचें प्रमाण ह्याच्या पुष्कळ खालीं असतें. आपण कोणत्या रकान्यांत आहों हें तिला ठाऊक होतें.

तिसऱ्या निकालानंतर पंधरा दिवस तिचा फोन आला नाहीं. मग एका रविवारीं सकाळीं आला, आणि तिनें एक चमत्कारिक विनंति केली. "मामा, तुम्हांला वैद्यक येत नाहीं, म्हणूनच तुम्ही माझ्याबरोबर प्रश्न वाचा. मला समजावून सांगूं नका. नुसते वाचा."

इंग्रजीच्या प्राध्यापकाला दुसरें येतें काय? आम्ही दर रविवारीं वाचूं लागलों. तिच्याकडे रात्र, माझ्याकडे सकाळ. ह्या प्रश्नांतून दिसणारें रुग्णालय मोठें नमुनेदार आहे. तेथें प्रत्येक वस्तु जागच्या जागीं असते, प्राणवायूची नळी कधीं गळत नाहीं, नातेवाईक खाटेभोंवतीं गर्दी करीत नाहींत, आणि नर्सपुढें एका वेळीं एकच रोगी असतो. फार तर चार, त्यांतला पहिला निवडावयाचा. मला त्या कागदी रुग्णालयाचा हेवा वाटला. पण दोन-तीन रविवार गेल्यावर वाङ्मयाच्या माणसाला जी गोष्ट दिसावयाची ती दिसूं लागली : बहुतेक प्रश्नांत चारहि पर्याय खरे असतात. खोटा पर्याय ओळखावयाचा नसतोच. चारहि गोष्टी कराव्या लागणार असतात, आणि विचारलेलें असतें तें एवढेंच कीं आधीं कोणती.

तिच्या वहींतला एक प्रश्न माझ्या भाषेंत देतों. पोटाची शस्त्रक्रिया होऊन दुसरा दिवस. रोगी म्हणतो, एकाएकीं दम लागतो आहे. तुम्ही प्रथम काय कराल? डॉक्टरांना कळवाल, नाडी व रक्तदाब टिपून ठेवाल, उशाकडची बाजू उंच करून श्वास आणि रक्तांतला प्राणवायु पाहाल, कीं जवळ बसून धीर द्याल? भाचीनें उत्तर दिलें होतें, डॉक्टरांना कळवीन. तें चूक. आधीं रोग्याला बसतें करावयाचें, श्वास पाहावयाचा. डॉक्टरांना सांगावयाचें तें हातांत कांहीं तरी घेऊन.

"तुला हें ठाऊक नव्हतें?" मीं विचारलें.

"ठाऊक होतें."

"मग?"

थोडा वेळ ती बोलली नाहीं. मग म्हणाली, "आमच्या वॉर्डांत डॉक्टरांना न सांगतां कांहीं केलें आणि पुढें बिघडलें तर सगळ्यांदेखत बोलणीं बसत. सांगून मग कांहींहि होवो, आपल्यावर येत नसे. मामा, मी उत्तर लिहीत नव्हतें, मी स्वतःला वाचवीत होतें."

त्या दिवसापासून तिनें वहीची रीति बदलली. एकादें उत्तर चुकलें कीं शेजारीं बरोबर उत्तर लिहावयाचें नाहीं. तें पुस्तकाच्या मागें असतेंच. तें चुकतांना आपल्याला भीति कसली वाटली, तें लिहावयाचें. मीं ती वही पाहिली आहे. तिनें पानांचे फोटो पाठविले. 'मेट्रन रागावतील.' 'ही सही माझ्या अंगावर येईल.' 'हें डॉक्टरांचें काम, मी कशी करूं?' 'रोग्याचा मुलगा भांडेल.' पानेंच्या पानें. औषधाचें नांव किंवा मात्रा माहीत नसल्यामुळें चुकलेला प्रश्न त्यांत विरळा. मग १५०, ११२, ८५ ह्या उतरत्या आंकड्यांचा उलगडा मला झाला. प्रत्येक नापासाबरोबर ज्ञान वाढलें होतें हें खरें, पण भीतीहि वाढली होती, आणि यंत्र तागडींत घालीत होतें ती भीति. नापास होऊन आलेल्या माणसाला आम्ही अधिक अभ्यास करावयास लावतों. त्याला भ्यावयास तर परीक्षेनें आधींच शिकविलेलें असतें.

येथें फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची आठवण होते. परिचारिकांची सरकारी परीक्षा घ्यावी आणि नोंद ठेवावी अशी चळवळ इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली तेव्हां तिला कसून विरोध केला तो, नवल वाटेल, ह्याच बाईंनीं. परीक्षेनें माहितीची पारख होईल, चांगल्या परिचारिकेचें शील कागदावर उतरावयाचें नाहीं, असें त्यांचें म्हणणें. उलट पक्षीं एथेल बेडफर्ड फेन्विक ह्या दुसऱ्या कर्तबगार बाई तीस वर्षें भांडत राहिल्या : रोग्यानें कोणाच्या भरंवशावर अंग टाकावयाचें? न्यूझीलंडनें १९०१ सालींच कायदा केला. इंग्लंडांत तो १९१९ सालीं झाला, नाइटिंगेलबाईंना जाऊन नऊ वर्षें झाल्यावर, आणि नोंदवहींत पहिलें नांव लागलें फेन्विकबाईंचें. भाचीसारखा हलका हात रेषेच्या खालीं ठरतो हें पाहिलें कीं माझें मन नाइटिंगेलबाईंकडे ओढ घेतें. पण मला विचाराल तर मी फेन्विकबाईंच्या बाजूचा आहे. शुद्ध नसलेला रोगी खाटेवर असतो. त्याला शील ओळखावयास सवड नसते. रात्रीं दोन वाजतां डॉक्टर दूर असतांना ही मुलगी स्वतःच्या बुद्धीनें पहिलें पाऊल टाकील कीं आधीं स्वतःची कातडी वांचवील, हें विचारण्याचा हक्क त्याला आहे. एन्क्लेक्स इतर पुष्कळ विचारीत नसेल, एवढें मात्र ती निर्दयपणें विचारते. आणि एक गोष्ट भाचीच्या बाजूनें नमूद केली पाहिजे : परीक्षा अन्यायाची आहे असें ती तीन नापासांत एकदांहि म्हणाली नाहीं. तें आम्ही म्हणत होतों.

दुसऱ्या निकालानंतर तिनें एका वृद्धनिवासांत मदतनिसाची नोकरी धरली होती. अंग पुसणें, कूस बदलणें, जेवूं घालणें, शौचाला नेणें. त्या कामाचीहि तेथें परीक्षा असते, कांहीं लेखी आणि कांहीं प्रत्यक्ष हातानें करून दाखविण्याची. ती तिनें पहिल्याच खेपेस दिली आणि पार केली. आमच्या नात्यांतल्या एका बाईंनीं 'शेवटीं आयाच झाली कीं' असे उद्गार काढल्याचें माझ्या कानीं आहे. त्यांना ठाऊक नाहीं कीं ह्याच नोकरीनें मुलीला शाबूत ठेविलें. परीक्षेनें आठवड्याला शंभरदां सांगावें कीं तुला येत नाहीं, आणि रोज रात्रीं एकाद्या म्हाताऱ्या माणसानें तिचा हात धरून ठेवावा. दोन्ही साक्षी ती ऐके. पुस्तकासाठीं नोकरी सोड, असें जांवईबापूंच्या कोष्टकांत होतें. तेवढें एक तिनें ऐकलें नाहीं.

मध्यंतरीं एका रात्रीं तेथें एका नव्वदीच्या बाईंना दम लागला. मदतनिसानें नर्सला बोलवावें असा नियम आहे, आणि तिनें घंटी दाबलीहि. "पण मामा," ती सांगत होती, आणि तीन महिन्यांत प्रथमच तिच्या बोलण्याला वेग आला होता, "माझा हात घंटीकडे गेला तो दुसऱ्यांदा. पहिल्यांदा गेला तो उशाकडे. मीं त्यांना बसतें केलें, पाठीला उशी लावली, श्वास मोजूं लागलें, आणि मग घंटी. नर्स येईपर्यंत मीं त्यांचे श्वास मिनिटाला किती तें सांगण्यास तयार होतें. तिनें विचारलें, तूं पूर्वीं काय करीत होतीस?"

"तूं काय सांगितलेंस?"

"सांगितलें, मी नर्स आहे. परीक्षा व्हावयाची आहे."

ही गोष्ट तिच्या वहींत एका ओळीनें नोंदलेली आहे, आणि भीतीच्या रकान्यांत तिनें आडवी रेघ मारली आहे. त्यानंतरच्या पानांवर अशा रेघा अधूनमधून दिसतात. फार नाहींत. ज्या रविवारीं ती दमलेली असते त्या रविवारीं मेट्रन पुन्हां रागावूं लागतात, आणि औषधांच्या मात्रांचा एकादा प्रश्न आम्हां दोघांनाहि सारखाच अगम्य ठरतो. ह्या वहीमुळें ती उत्तीर्ण होईल असें मी कोणाला सांगत नाहीं. वर्षाकाठीं आठ वेळांपर्यंत बसतां येतें असें परीक्षामंडळ म्हणतें. हा आठाचा आंकडा आमच्या घरांत अद्याप कोणी उच्चारलेला नाहीं.

आतां चौथी तारीख ठरली आहे. बहिणीनें नवस पुन्हां वाढविला आहे. जांवईबापूंनीं कोष्टक केलेलें नाहीं; त्या दिवशीं स्वतः मोटार हांकून तिला केंद्रावर सोडतों आणि पांच तास बाहेर गाडींतच बसतों, एवढेंच म्हणाले. सासूबाईंना तिनें स्वतःच सांगून ठेविलें आहे कीं निकाल काय तो लागो, दोन दिवस मला कांहीं विचारूं नका. त्यांनीं तें मनापासून कबूल केलें, आणि मग माझ्या बहिणीला फोन करून विचारलें कीं खिचडी चालेल ना, तीहि गोडांत धरावयाची नाहीं ना.

मीं तिला आदल्या रात्रींची पाळी तरी सोड म्हणून सुचविलें. ती नको म्हणाली. त्या नव्वदीच्या बाईंना दहा वाजतां उशाकडची बाजू उंच करून द्यावी लागते, आणि नव्या मुलीला त्या हात लावूं देत नाहींत.